बैठकीआधीचा सांगावा

प्रबोध वाहुळचं टेबल दोन काचेच्या खोल्यांच्या मध्ये होतं. डावीकडच्या खोलीत निशिदा-सान बसत. ते कारखान्याचे मॅनेजर, ओसाकाहून आलेले. उजवीकडची खोली एरवी रिकामी असायची. अमेरिकन ग्राहकाकडून कुणी तपासणीला आलं, की तिथले दिवे लागायचे. प्रबोधच्या कार्डावर ‘क्वालिटी इंजिनिअर’ असं छापलेलं होतं, पण सिंगापूरच्या जुरोंगमधल्या त्या कारखान्यात त्याचं अर्धं काम निराळंच होतं. डावीकडच्यांना उजवीकडचे समजावून सांगायचे आणि उजवीकडच्यांना डावीकडचे.

हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं. औरंगाबादला इंजिनिअरिंग, मग पुण्याजवळ चाकणला काही वर्षं नोकरी, आणि तिथून थेट इथे. जपानी त्याला चार वाक्यांपलीकडे येत नव्हती, अमेरिका त्याने पाहिलेली नव्हती. पण तो ऐकून घ्यायचा, त्यामुळे दोन्हीकडचे लोक आपलं मन त्याच्यापाशी मोकळं करायचे.

अमेरिकन कंपनीचे वॉल्टर ब्रँट वर्षातून दोनदा यायचे. मिनेसोटाचे, उंच, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. एकदा खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी पिताना ते म्हणाले, “प्रबोध, ही माणसं हसली की मला घाम फुटतो. मागे मी विचारलं, पंधरा तारखेला माल निघेल ना? सगळे छान हसले. माल निघाला तीस तारखेला.”

निशिदा-सानची तक्रार उलटी होती. “ब्रँट-सान सगळ्यांसमोर रागावतात आणि अर्ध्या तासाने म्हणतात, चला जेवायला. यातलं खरं काय?”

“दोन्ही खरं असतं, सर.”

निशिदा-सान यावर मनापासून हसले होते. ते एकदा प्रबोधच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटवर जेवायलाही आले होते. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी बुद्धांची तसबीर पाहून ते थबकले. “तुमच्याकडे रोज असतात? आमच्याकडे बुद्ध फक्त कुणी वारलं की येतात,” असं म्हणून त्यांनी प्रबोधच्या बायकोकडून, मीनलकडून, वरणभात परत मागून घेतला होता.

हे सगळं बरं चाललं होतं. दोन हजार सहाचा ऑक्टोबर येईपर्यंत.

कारखान्यात इस्पितळांतल्या सलाईनच्या पंपांसाठी छोटे प्लास्टिकचे व्हॉल्व्ह बनत. पंप अमेरिकेत जोडले जात, व्हॉल्व्ह इथून बोटीने जात. त्या सोमवारी प्रबोधने नेहमीप्रमाणे काही व्हॉल्व्ह गरम, दमट हवेच्या पेटीतून बाहेर काढले आणि पाण्याच्या दाबावर लावले. त्यातल्या दोहोंच्या जोडावर थेंब जमला. त्याने कापडाने पुसला. थेंब परत जमला. दुसरे व्हॉल्व्ह घेतले, पेटीतून काढले, लावले. त्यातल्याही एकाला तोच आजार.

तो निशिदा-सानच्या खोलीत गेला आणि त्याने व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला. निशिदा-साननी तो उचलून उजेडात धरला. मग त्यांनी दातांमधून हवा आत ओढली. तो आवाज प्रबोधला आता पाठ झाला होता; प्रकरण कठीण आहे, असा त्याचा अर्थ होता.

“कारण?”

“अजून माहीत नाही. नव्या साच्यातले आहेत सगळे.”

त्याच दुपारी निशिदा-साननी माल बाहेर जाणं थांबवलं. पण आधीचे खोके समुद्रात होते. आणि करारात नियम होता, की दोष सापडला तर चोवीस तासांत लेखी कळवायचं. प्रबोधने त्याची आठवण करून दिली.

“काय कळवायचं?” निशिदा-सान शांतपणे म्हणाले. “कारण माहीत नाही, किती व्हॉल्व्ह बिघडलेत माहीत नाही. अर्धी बातमी देणं ही बेजबाबदारी आहे. शुक्रवारी बैठक आहे. ब्रँट-सान तोवर येतील. शुक्रवारी पूर्ण सांगू.” थोडं थांबून ते म्हणाले, “पण शुक्रवारी कुणालाही धक्का बसता कामा नये.”

याचा अर्थ प्रबोधला कळला. त्या कारखान्यात बैठक ही काही ठरवायची जागा नव्हती. ठरायचं सगळं आधीच. ज्याला ज्याला त्या गोष्टीची झळ लागणार, त्या प्रत्येकाकडे एकेकट्याने जायचं, हळूच सांगायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं. बैठकीत मग फक्त माना हलायच्या. पहिल्या वर्षी प्रबोधला हा वेळेचा अपव्यय वाटला होता. आता तो स्वतः यात तरबेज झाला होता. सोमवार-मंगळवार तो फिरत राहिला. उत्पादनाच्या प्रमुखाला भेटला, खरेदीवाल्याला भेटला, गोदामाच्या बाईंना कँटीनमध्ये गाठून सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी निशिदा-सान त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “ब्रँट-सान रात्री पोहोचतील. शुक्रवारी त्यांनाही धक्का बसू नये.”

“मी सांगू, सर?”

“टेस्ट तुम्ही केलीत. तुम्हाला नीट सांगता येईल.” निशिदा-सान काचेतून बाहेर पाहत होते. सुमात्राच्या जंगलांतला धूर येऊन बसला होता, समोरची इमारतही धड दिसत नव्हती. “ते नाश्त्याला लवकर येतात, असं ऐकलंय.”

घरी मीनलने हे ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. मीनल आणि तो कॉलेजपासूनचे. ती त्याला सरळच विचारायची.

“त्यांनी तुला जा म्हणून सांगितलं?”

“तसं सांगितलं नाही. पण सांगितलंच.”

“म्हणजे उद्या काही झालं, तर ते म्हणू शकतात, मी सांगितलं नव्हतं.”

“ते तसे नाहीत गं.”

“ते कसेही असू देत. आपला इथे राहायचा पास त्या नोकरीवर आहे. कायम राहायचा, पीआरचा अर्ज आत पडलाय. नोकरी गेली तर महिनाभरात सामान बांधावं लागेल. एकताची शाळा इथे आहे.” 

एकता सोफ्यावरून ओरडली, “पप्पा, विंडो क्लोज कर ना! टीचर सेड हेझ व्हेरी बॅड लाह!”

धूर आत येऊ नये म्हणून प्रबोधने खिडकी लावली. मीनलच्या बोलण्याचा त्याला राग आला होता, कारण त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

बुधवारी सकाळी तो जुरोंग ईस्टला स्टेशनबाहेर न पडता गाडी बदलून पुढे शहरात गेला. हॉटेलच्या नाश्त्याच्या दालनात ब्रँट ऑम्लेट खात बसले होते. प्रबोधला पाहून त्यांनी खुर्ची ओढली. “बस, बस. काय घेणार?”

प्रबोधने काही घेतलं नाही. त्याने व्हॉल्व्हची सगळी हकिकत सांगितली. साचा, दमट पेटी, थेंब. ब्रँटनी काटा खाली ठेवला. त्यांनी मान वळवून आजूबाजूची टेबलं पाहिली आणि आवाज उतरवला.

“तू इथे आलायस हे तुझ्या बॉसला माहीत आहे?”

इथे प्रबोध चुकला. चूक कशी झाली, ते त्याने पुढे स्वतःशी अनेकदा उलगडून पाहिलं. ‘हो, त्यांनीच पाठवलं’ असं म्हटलं असतं, तर ती कारखान्याची अधिकृत खबर झाली असती, आणि अधिकृत खबर शुक्रवारी निशिदा-साननी द्यायची होती. अशा आधीच्या भेटीत कुणी पाठवलं ते बोलायचं नसतं. ऐकणाऱ्याने ते समजून घ्यायचं असतं. कारखान्यात सगळे समजून घेत. दोन दिवस तो ज्यांना ज्यांना भेटला, त्यांतल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. म्हणून तो सवयीने म्हणाला, “आज मी फक्त टेस्टबद्दल सांगायला आलोय, मिस्टर ब्रँट.”

ब्रँटच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी वेगळं उमटलं. प्रबोधला ते तेव्हा नीट ओळखू आलं नाही. तो आदर होता.

“समजलं,” ते म्हणाले. “बस, पुढे काही बोलू नकोस. घरी कोण कोण आहे?”

“बायको. एक मुलगी.”

“आणि तरी तू आलास.” त्यांनी प्रबोधच्या खांद्यावर हात ठेवून दाबला. “या लोकांच्यात राहून हे करायला काय लागतं, ते मला ठाऊक आहे. तुला काही होऊ देणार नाही.”

प्रबोध दारापर्यंत पोहोचला आणि थांबला. परत जाऊन सांगावं का? पण सांगायचं काय, आणि कुणाच्या परवानगीने? तो गेला नाही. स्टेशनकडे चालू लागला.

गुरुवारी सकाळी ओसाकाच्या मुख्य कचेरीचा फोन निशिदा-सानच्या खोलीत वाजला. ब्रँटनी रातोरात आपल्या मुख्यालयाला कळवलं होतं, आणि मुख्यालयाने ओसाकाला लिहिलं होतं, की तुमच्या सिंगापूरच्या कारखान्यातल्या एका प्रामाणिक कर्मचाऱ्याने स्वतःची नोकरी धोक्यात घालून आम्हाला लपवलेल्या दोषाची माहिती दिली आहे. त्याला कसलाही त्रास झाला, तर आम्ही ते गंभीरपणे घेऊ. संचालक कुरोदा-सान संध्याकाळच्या विमानाने निघत होते.

ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर पसरली. नाव पत्रात नव्हतं, पण नाव कळायला पत्राची गरज नव्हती. कँटीनमध्ये प्रबोध ताट घेऊन नेहमीच्या टेबलावर बसला, तसे उत्पादनाचे प्रमुख ताटात अर्धा भात तसाच ठेवून उठले. मंगळवारी याच माणसाने त्याला बाजूला घेऊन म्हटलं होतं, ‘बरं झालं, आधी सांगितलंस.’

निशिदा-साननी त्याला आत बोलावलं. दार त्यांनी स्वतः लावलं.

“ब्रँट-सान काय म्हणाले, ते शब्दाला शब्द सांगा.”

प्रबोधने सांगितलं. ‘बॉसला माहीत आहे का’ हा प्रश्न आणि त्याने दिलेलं उत्तर आल्यावर निशिदा-साननी डोळे मिटले.

“तुम्ही बरोबर बोललात,” ते म्हणाले. “ओसाकात ते अगदी बरोबर उत्तर ठरलं असतं.”

“सर, उद्या काय करायचं?”

निशिदा-सान काचेकडे वळले. काचेपलीकडे सगळे कामात असल्यासारखे दिसत होते आणि कुणीही काम करत नव्हतं. शेवटी निशिदा-सान म्हणाले, “साच्याचं कारण शोधा. ते जास्त महत्त्वाचं आहे.”

प्रबोध प्रयोगशाळेत जाऊन बसला. पेच त्याला स्पष्ट दिसत होता. ‘मीच पाठवलं’ असं निशिदा-सान उद्या म्हणाले, तर ब्रँट विचारणार, म्हणजे तुम्हाला सोमवारी कळलं होतं, मग चोवीस तासांचं काय झालं? लपवल्याचा ठपका निशिदा-सानवर येणार. ते म्हणाले नाहीत, तर ओसाकाच्या नजरेत प्रबोध हा मालकाच्या पाठीमागून ग्राहकाकडे गेलेला माणूस. ब्रँट येत राहतील तोवर त्याला कुणी हात लावणार नाही. ब्रँटचं येणं संपलं, की त्याच महिन्यात पास संपणार. दोघांपैकी एकजण जाणार होता. कोण, ते उद्या त्या बैठकीत ठरणार होतं, आणि या एका गोष्टीबद्दल बैठकीआधी कुणीच कुणाशी बोलणार नव्हतं.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. अण्णा दीक्षाभूमीवरच्या सोहळ्याहून नुकतेच घरी परतले होते. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली होती, गर्दीत त्यांचा आवाज बसला होता तरी ते उत्साहाने सांगत होते. प्रबोध नुसता ‘हं, हं’ करतोय हे त्यांना दोन मिनिटांत कळलं.

“काय झालंय तुला?”

त्याने थोडक्यात सांगितलं.

अण्णा म्हणाले, “तुझा पणजा मयताचा सांगावा घेऊन गावोगाव जायचा. ठाऊक आहे ना? पाटलाच्या घरचं कुणी गेलं, की यानं उन्हातान्हात पळायचं, दाराबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं. पाणीसुद्धा कुणी विचारायचं नाही. वर शिव्या. जसं काही यानंच मारलंय. तुझ्या आज्यानं ते सोडलं, तर गावानं त्याला मारलं.”

“अण्णा, हे तसं नाही हो. टेस्ट माझी आहे. मी माझं काम सांगायला गेलो होतो.”

“मग तुला शिव्या का पडतायत?”

“शिव्या एका बाजूने. दुसऱ्या बाजूने हार घालतायत.”

“तो हार तर त्याहून वाईट,” अण्णा म्हणाले. “शिवी खोटी आहे हे निदान आपल्याला कळतं. पण मी तिकडचं काय सांगणार बाबा? तुला पोरगी आहे. सांभाळून कर.”

फोन ठेवल्यावर मीनलने फक्त एवढंच विचारलं, “तू उद्या बोलणार आहेस?”

“माहीत नाही. निशिदा-सान काय म्हणतात त्यावर आहे.”

“ते काय म्हणतील असं तुला वाटतं?”

“ते सांगतील. मी पाठवलं म्हणून सांगतील.” त्याचा आवाज त्यालाच खात्रीचा वाटला नाही.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत एसी असूनही धुराचा वास होता. कुरोदा-सान टेबलाच्या मध्यभागी बसले होते. बारीक, पांढरे केस, समोर बंद पेन. त्यांच्या बाजूला निशिदा-सान. समोर ब्रँट. प्रबोध नेहमीसारखा टेबलाच्या टोकाला.

निशिदा-साननी दोष मांडला. नवा साचा, थेंब, किती खोके समुद्रात, किती गोदामात. आवाज सरळ होता. ब्रँटनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि तेच भीतीदायक होतं. सांगून संपल्यावर ते खुर्चीत पुढे झुकले.

“धन्यवाद. यातलं मला सगळं बुधवारीच माहीत होतं. आणि ज्याने सांगितलं, त्याचं नाव मी इथे घेणार आहे. का, ते सांगतो. नाव झाकून ठेवलं की माणसाला गुपचूप संपवता येतं. सगळ्यांसमोर घेतलं की येत नाही.” ते प्रबोधकडे वळले. “प्रबोध. या खोलीतला एकमेव धाडसी माणूस.”

ब्रँट त्याला वाचवत होते, अगदी मनापासून, आणि प्रत्येक शब्दागणिक तो जास्त बुडत होता.

कुरोदा-साननी पेन थोडं सरळ केलं. प्रश्न त्यांनी जपानीत नाही, इंग्रजीत विचारला, ब्रँटना कळावा म्हणून.

“निशिदा-सान. वाहुळ-सान ब्रँट-सानना भेटायला गेले, हे तुम्हाला माहीत होतं?”

प्रबोधने निशिदा-सानकडे पाहिलं. निशिदा-साननी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“नाही,” ते म्हणाले. “मला माहीत नव्हतं.”

ब्रँटनी हात पसरून खुर्चीला पाठ टेकली. त्यांना जे वाटत होतं, ते सिद्ध झालं होतं.

हा माणूस स्वतःला वाचवतोय की मला? प्रबोधला कळेना. त्या एका ‘नाही’मुळे तो ब्रँटचा वीर ठरला होता, आणि ग्राहकाचा लाडका इंजिनिअर निदान काही वर्षं तरी सुरक्षित होता. पीआरचा निकाल तोवर लागून गेला असता. आणि त्याच ‘नाही’ने निशिदा-सानही लपवाछपवीतून सुटले होते, कारण दोष त्यांना कधी कळला हे आता कुणी विचारणार नव्हतं; हाताखालचा माणूस हातातून निसटला, एवढाच त्यांचा दोष उरला होता. गप्प बसलं की दोघेही वाचत होते. फक्त गप्प बसायचं होतं. ते काम तो बुधवारी किती सहज करून बसला होता.

“मिस्टर ब्रँट,” तो म्हणाला. “मी धाडसी नाही. मी स्वतःहून आलो नव्हतो. मला पाठवलं होतं.”

“कुणी?”

“निशिदा-साननी.”

कुरोदा-सानचं पेन थांबलं. ब्रँट सावकाश पुढे झाले.

“म्हणजे याला माहीत होतं. कधीपासून?”

“सोमवारपासून. मी सोमवारी सांगितलं.”

“सोमवारी याला कळलं, आणि मला बुधवारी, ऑम्लेट खाताना.”

“हो. इथे बैठकीआधी प्रत्येकाला एकेकट्याने भेटून सांगतात, कुणाला धक्का बसू नये म्हणून. मी या कारखान्यातल्या सगळ्यांना तसाच भेटलोय. विचारा त्यांना. तुमच्याकडे पाठवलं, म्हणजे तुम्हाला आपल्यातलं धरलं. मी बुधवारी हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ती माझी चूक.”

“आपल्यातलं!” ब्रँटचा तळहात टेबलावर आपटला. “माझा माल समुद्रात आहे. तो सलाईनला लागतो, माणसांच्या हाताला. मला आपल्यातलं धरू नका, मला वेळेवर कळवा!”

ते खरं होतं.

निशिदा-सान उठले. त्यांनी हात मांड्यांना लावले आणि कमरेत खोल वाकले. वाकलेलेच राहिले. उत्पादनाचे प्रमुख उठले आणि वाकले, मग बाकीचेही.

“हे बघ,” ब्रँट प्रबोधला म्हणाले, “शेवटी कबूल केलं.”

“ती नुसती कबुली नाही, सर.”

“मग काय आहे?”

प्रबोधने वाकलेल्या पाठींकडे पाहिलं. इतकी वर्षं दोन खोल्यांमधली भाषा जुळवणाऱ्या त्याला आता शब्द सापडत नव्हता. “कबुलीसुद्धा आहे,” तो म्हणाला.

कुरोदा-साननी बैठक थांबवली.

लिफ्टपाशी ब्रँट त्याची वाट पाहत होते. राग उतरला होता, चेहरा थकलेला होता. “मला वाटलं होतं, तू वेगळा आहेस. आणि तू बॉसची बाजू घ्यायला उभा राहिलास. तुलाही यांनी आपल्यासारखंच करून टाकलं.”

“मी त्यांची बाजू नाही घेतली, मिस्टर ब्रँट. मी त्यांना अडकवलं.”

ब्रँटनी लिफ्टचं मिटणारं दार हाताने अडवलं. मग ते आत गेले.

कुरोदा-साननी त्याला दुपारी उजवीकडच्या खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं, पाणी दिलं.

“तुम्ही अमेरिकेत शिकलात?”

“नाही सर. औरंगाबादला.”

“तिथे असं बोलतात? ग्राहकासमोर, आपल्या वरिष्ठाचं नाव घेऊन?”

“तिथेही फारसं नाही बोलत, सर.”

“निशिदा-सान नाही म्हणाले होते. तुम्ही गप्प राहिला असतात, तर दोघांच्याही नोकऱ्या राहिल्या असत्या. हे कळत होतं?”

“कळत होतं.”

“तरी बोललात.”

“मिस्टर ब्रँटनी मला ज्या कामाची शाबासकी दिली, ते काम मी केलंच नव्हतं, सर. उद्या खरोखर असा प्रसंग आला, तर मी जाईन की नाही, मला ठाऊक नाही. आणि तुम्ही मला ज्याबद्दल गद्दार समजत होतात, तेही मी केलं नव्हतं.”

कुरोदा-सान खिडकीतल्या धुराकडे पाहत राहिले. राग आहे की विचार, हे प्रबोधला ओळखता आलं नाही. जपानी माणसाचा चेहरा आपल्याला वाचता येतो, असा त्याचा समज होता, तो त्या खोलीत संपला.

“सोमवारी कामाला या,” ते शेवटी म्हणाले. सोमवारी कशासाठी, कामासाठी की हिशेब संपवायला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि प्रबोधने विचारलंही नाही.

शनिवार-रविवार घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मीनलने पासपोर्ट कुठे आहेत ते पाहून ठेवलं. तिने त्याला दोष दिला नाही, पण रविवारी कपड्यांच्या घड्या घालताना ती एकदम म्हणाली, “तू आम्हाला विचारून बोलला नाहीस.”

“विचारायला वेळ नव्हता गं.”

“ते ठाऊक आहे मला. तरी म्हणतेय.”

सोमवारी ब्रँटचा निरोप ओसाकामार्गे आला. करार सुरू राहील. समुद्रातला माल परत मागवायचा. यापुढे प्रत्येक टेस्टचा निकाल त्याच दिवशी, थेट, प्रबोधच्या सहीने. कारण एकाच वाक्यात दिलं होतं: विचारल्यावर उत्तर देणारा तुमच्याकडे तेवढा एकच माणूस दिसला. निशिदा-सानना ओसाकाने महिनाअखेर परत बोलावलं होतं.

प्रबोधने जिन्यात जाऊन मीनलला फोन केला. “नोकरी राहिली.”

“खरंच?” ती रडायला लागली, मग थांबली. “मग तुझा आवाज असा का?”

“निशिदा-सान चाललेत.”

त्या आठवड्यात साच्याचं कारण सापडलं. माल लवकर निघावा म्हणून साचा पुरता थंड व्हायच्या आत व्हॉल्व्ह बाहेर काढला जात होता. जोडाला नजरेला न दिसणारा ताण राहत होता. प्रबोध ते सांगायला डावीकडच्या खोलीत गेला. निशिदा-सान कपाट रिकामं करत होते. त्यांनी हातातली फाईल ठेवली, व्हॉल्व्ह उजेडात धरला, फिरवून पाहिला.

“थंड व्हायला किती जास्त वेळ लागेल?”

“थोडाच. पण दिवसाचा माल कमी निघेल.”

“ब्रँट-सानना आजच कळवा.”

“कळवलं, सर. तुमच्याकडे यायच्या आधी.”

निशिदा-साननी मान हलवली. त्यात दुखावल्याचा भाव होता की नाही, प्रबोधला सांगता आलं नसतं. तो जायला वळला आणि थांबला.

“सर, शुक्रवारी तुम्ही ‘नाही’ म्हणालात. ते स्वतःसाठी, की माझ्यासाठी?”

त्या कारखान्यात असा प्रश्न कुणी कुणाला तोंडावर विचारत नसे. निशिदा-साननी दातांमधून हवा आत ओढली. व्हॉल्व्ह त्याच्या तळहातावर परत ठेवला.

“वाहुळ-सान,” ते म्हणाले, “हे तुम्ही मला गुरुवारी, बैठकीच्या आधी, विचारायला हवं होतं.”

मग ते पुन्हा कपाटाकडे वळले. प्रबोध साच्याची वेळ बदलायला खाली गेला.